माणसं तुझी, दुकान त्यांचं

*आप्पा, रामराम. मी रावेर तालुक्यातला. वय 31, लग्न नाही. भाऊ-वहिनीत राहतो, घरची चार एकर केळी. रात्रीची लाईट असली की मळ्यात मीच जातो. मोटर चालू करायची, दर दोन तासांनी व्हॉल्व्ह फिरवायचा, मधल्या वेळात खाटेवर मोबाईल. दोन वर्षांपासून एक गेम खेळतो. त्यात आमचा 42 जणांचा गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा संघ आहे आणि मी लीडर आहे. मागच्या महिन्यात वहिनीने तिच्यासोबत माझंही पासबुक भरून आणलं. पानंच्या पानं एकाच नावाने भरलेली. भावाने बेरीज केली: वर्षाचे 43,760 रुपये. म्हणाला, एवढा घोडा झाला आणि बाहुल्यांना कपडे घेतो. मोबाईल फोडायला उठला होता. लाज वाटते आप्पा. पण गावात मला कोणी विचारत नाही आणि तिथे 42 जण भाऊ म्हणतात. वाढदिवसाला 17 जणांचे मेसेज आले, गावातून एकाचाही नाही. सोडून दिलं तर रात्री बोलू कोणाशी? आणि मी जुगारी झालोय का?*

भाऊ, रामराम.

तुझं पत्र इथे थोडक्यात दिलंय. पासबुकाची झेरॉक्स जोडलीस ते बरं केलंस. 29 वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, त्यामुळे माणूस काय बोलतो त्याआधी त्याचं पासबुक काय बोलतं ते मी ऐकतो. तुझं बरंच बोललं.

रकमा बारीक आहेत. 79, 159, 79, 399, 79. मोठी रक्कम क्वचित, 799च्या पुढे फक्त दोनदा. महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत नोंदींची नुसती गर्दी, कारण तेव्हा तुमच्या खेळाचा सीझन संपतो. हे तुझ्या भावालाही दिसलं असेल. पण श्रावणात सलग नऊ दिवस एकही नोंद नाही, तिथे त्याची नजर गेली नसेल. मी पंचांग काढून पाहिलं. तो तुमचा कानबाईचा सण. सुरतेचे, नाशिकचे भाऊबंद घरी आलेले असणार, अंगणात झोपायला जागा नसणार, रोट संपेपर्यंत घर भरलेलं असणार. मोबाईल तेव्हाही तुझ्या खिशातच होता ना?

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या नऊ कोऱ्या दिवसांत आहे. घर भरलं की पैसे जाणं थांबतं. तुझी गरज खेळाची कमी आणि माणसांची जास्त आहे. ती गरज ओळखूनच हे खेळ बांधलेले असतात. तू भोळा म्हणून फसलास असं मानू नकोस. तुझ्यासारख्याला बोलावण्यासाठीच पलीकडे पगारी माणसं बसलेली आहेत.

खेळाचं नाव तू लिहिलंस, मी गाळलं. सगळ्यांची घडण साधारण एकच, एकाला धरून काय उपयोग?

तुला उत्तर लिहायचं म्हणून नातवाकडून तसलाच एक खेळ माझ्या फोनवर घालून घेतला. अकरा दिवस खेळलो. पहिल्या दिवशी उघडल्याबरोबर बक्षीस. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठं. सातव्या दिवसाच्या चौकटीत एक सोनेरी पेटी लुकलुकत होती, पण अट अशी की मधला एक दिवसही चुकता कामा नये. सहाव्या दिवशी भुसावळला हळदीला गेलो होतो. मांडवात रेंज नाही. मी, वय वर्षं 66, पंगत सोडून रस्त्यावर उभा राहून फोन हवेत धरतोय आणि बायको विचारतेय, कोणाचा फोन यायचा आहे? काय सांगणार तिला? पेटी यायची आहे?

पेटीत निघाला एक टोप. निळा.

आमच्या लहानपणी शाळेसमोरच्या दुकानात सोरट असायचं. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, वर टांगलेली बक्षिसं, मधोमध एक घड्याळ. पाच पैशांना चिठ्ठी. घड्याळ कोणाला लागल्याचं मला आठवत नाही. शिट्टी लागायची, गोळी लागायची, बहुतेकदा काहीच नाही. तुमच्या खेळातली पेटी म्हणजे तेच सोरट. जपानमध्ये नाणं घालून गोल डबीतलं खेळणं काढायच्या यंत्रावरून त्याला गाचा म्हणतात. फरक एवढाच की आमच्या दुकानदाराचा पुठ्ठा संपायचा.

याचं शास्त्र जुनं आहे. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरं आणि उंदीर घेऊन प्रयोग केले, 1957 साली ते सविस्तर छापूनही आले. ठरावीक टोची मारल्या की दाणा मिळतो असं असेल तर कबुतर दाणा खाऊन जरा विसावतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी चाळिसाव्या टोचीला पडू लागला की ते थांबायचं नाव घेत नाही. पुढची टोच कदाचित तीच असेल ना! तुझ्या महिनाअखेरीच्या 79, 79, 79 त्यातल्याच.

हिऱ्यांचा, म्हणजे खेळातल्या नाण्यांचा, हिशोब तर मला कारकुनाच्या नजरेने फार आवडला. माझ्या खेळात हवी ती वस्तू 350 हिऱ्यांची, पण हिऱ्यांची पुडकी 310ची नाहीतर 520ची. 350चं नाहीच. मग माणूस 520चं घेतो आणि 170 उरतात. उरलेले हिरे डोळ्यांसमोर असतात, वाया कसे जाऊ द्यायचे? पुढची वस्तूही 350ची. म्हणून पुन्हा 310चं पुडकं घेतलं की आता 130 उरले. सुटे नाहीत म्हणून वाणी हातात चॉकलेट ठेवतो तसंच. शिवाय रुपयाचं नाव कुठेच नाही. शंभराची नोट मोडताना हात जड होतो, हिरे मोडताना होत नाही.

पण एवढ्यावर तू 43,760 घातले नसतेस. सोरटाला माणूस शे-दोनशे घालतो आणि कंटाळतो. तुझे पैसे गेले ते गिल्डमध्ये.

तूच लिहिलंस की मोठा पॅक घेतला की गिल्डमधल्या सगळ्यांना एक-एक भेट जाते आणि पडद्यावर तुझं नाव झळकतं. मग एकामागून एक धन्यवाद. मीही एका गिल्डमध्ये शिरलो होतो, म्हणून विचारतो: तो धन्यवाद ते टाइप करतात का? माझ्याकडे तर तयार बटण होतं. पेटी उघडली की खाली बटण, दाबलं की हात जोडलेलं चित्र जातं. ते बटण कोणीतरी मुद्दाम तिथे ठेवलंय. आणि ती आठवड्याची यादी? कोणी किती वाटा दिला ते उतरत्या क्रमाने, वर तुझं नाव, तळाला कोणाच्यातरी नावापुढे शून्य. टार्गेट चुकलं तर बक्षीस 42 जणांचं जातं. असं असताना शेवटच्या तीन तासांत लीडर खिशात हात घालणार नाही तर काय करेल? गणपतीच्या वर्गणीची पाटी चौकात लावली की काय होतं, ते तुला मी सांगायला नको.

डेसी आणि रायन या दोन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवता यावं, आपल्याला काहीतरी जमतं असं वाटावं, आणि आपण कोणाचेतरी असावं. आता तुझ्याकडे बघ. कापणी कधी करायची ते भाऊ ठरवतो, भाव व्यापारी ठरवतो. वर्षभर राबून बाग उभी केली तर मे-जूनचं एक वादळ अर्ध्या तासात आडवी करतं, नाहीतर सीएमव्ही हा केळीचा रोग लागला म्हणून खोडं उपटून फेकावी लागतात. तुझी मेहनत आणि तुझं फळ यांच्यात शंभर जण उभे. स्थळ आलं तर मुलीकडचे विचारतात, नोकरी आहे का? खेळात मात्र दोन तास दिले की दोन तासांचं फळ तिथेच, वादळ नाही, अडत नाही. वर 42 जणांचा लीडर. मी तुझ्या जागी असतो तर मीही तिथेच बसलो असतो, खोटं कशाला बोलू?

म्हणून भावाची ती बाहुल्यांची गोष्ट मला पटत नाही. त्याला विचार, त्याच्या वरातीत डीजे होता तो कोणाला ऐकू यावा म्हणून होता? चार लोकांत आपण उठून दिसावं म्हणून माणूस पैसे घालतो, त्यात नवल नाही. फोर्टनाइट नावाचा खेळ फुकट खेळता येतो. त्यातल्या पोशाखांनी ताकद रतीभरही वाढत नाही, तरी त्या कंपनीने अब्जावधी डॉलर कमावले. लोकांना लोकांत दिसायचं असतं. त्याच कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये एकूण 52 कोटी डॉलर बसवले. त्यातले 24.5 कोटी ग्राहकांना परत करायचे होते, कारण बटणांची रचना अशी होती की नको असलेली खरेदी सहज होऊन जावी.

आणखी एक ऐक, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला होता. अ‍ॅक्टिव्हिजन या मोठ्या कंपनीने 2015 मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला, 2017 मध्ये ते मिळालं. कल्पना अशी: नवख्या खेळाडूची गाठ मुद्दाम अशा पटाईत खेळाडूशी घालायची की ज्याच्याकडे विकत घ्यायची बंदूक आहे. नवखा हरेल, ती बंदूक बघेल, त्याला ती घ्यावीशी वाटेल. घेतली की पुढचा डाव असा लावायचा की जिथे ती बंदूक चांगली चालते, म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल. आम्ही हे कुठल्याही खेळात वापरलेलं नाही, असं कंपनीने सांगितलं. सांगितलं असेल. पण कागदावर मांडून, वकील लावून, फी भरून नोंदवलं तर होतंच ना?

आता जुगाराचं. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते चालतात हे तुला माहीत आहे. माझ्या लहानपणी निंबाखाली डाव पडायचा. बाया झोक्यावर गाणी म्हणायच्या आणि पुरुष घोंगडीवर. जागा देणारा डावातून नाल काढायचा, तेवढी त्याची कमाई. बाकीचा पैसा गावातल्या गावात फिरायचा: आज आमचे वडील हरले, पुढच्या आखाजीला दुसऱ्याचे. तुझ्या खेळात तू कितीही जिंकलास तरी रुपया परत येत नाही. घातलेला सगळाच पैसा नाल. म्हणून कायद्याच्या भाषेत तू जुगारी नाहीस, कारण जुगाऱ्याला निदान जिंकायची आशा असते. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. तुझा खेळ त्यात बसत नाही, कारण तिथे पैसे जिंकायचेच नाहीत. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारच ठरवल्या. जपानने 2012 मध्ये गाचाचा एक प्रकार बंद केला, चिठ्ठ्यांतून आख्खा संच जमवला तरच मोठं बक्षीस देणारा. आपल्याकडे या पेट्यांचं काय करायचं, हे त्या कायद्याने तरी सोडवलेलं नाही.

आजारी आहेस का, हा वेगळा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत खेळाचं व्यसन आहे, ती यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात साधारण वर्षभराचं वागणं बघतात: खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं आणि नुकसान होतंय हे दिसूनही माणूस वाढवत जातो. तुझा व्हॉल्व्ह चुकला नाही, कानबाईला हात आपोआप थांबला. मी डॉक्टर नाही, पण मला तू त्यातला वाटत नाहीस. मात्र एका ओळीने मी थबकलो. खताच्या दुकानाचे पाच हजार दिले असं तू वहिनीला सांगितलंस आणि ते दिले नव्हतेस. खोटं बोलावं लागणं ही पहिली खूण असते, हे मी कर्जदारांत फार पाहिलंय. पुन्हा तसं झालं, किंवा रात्र गेली तरी फोन ठेवता येईना असं झालं, तर 14416 वर फोन लाव. टेलिमानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आता करायचं काय.

मोबाईल फोडू नका. फोडला तर दोन महिन्यांत तू दुसरा घेशील आणि त्याचं पासबुक वहिनीला दिसणार नाही.

आधी त्या 42मधून माणसं वेगळी काढ. तूच तिघांबद्दल लिहिलंस: बीडचं पोरगं, पुण्याच्या वसतिगृहातला तो अकाउंट्सवाला, आणि सुरतेच्या लूमवरचा आपला शिंदखेड्याचा गडी, जो रात्रपाळीतल्या जेवणाच्या सुट्टीत तुझ्याशी बोलतो. त्यांची आडनावं माहीत आहेत का तुला? नंबर आहेत का? नसतील तर माग. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-सात जणांचा साधा ग्रुप कर आणि रात्री व्हॉल्व्ह फिरवून आलास की तिथे बोल. गेमबद्दलच बोललात तरी चालेल. त्या बोलण्यावर हिरे लागत नाहीत. कंपनीने मैत्री काही तयार केली नाही, ती तुम्हीच केली. कंपनीने मधे गल्ला ठेवलाय, आणि गल्ल्याला वळसा घालून जाता येतं.

मग गिल्डमध्ये सरळ लिही: या सीझनला मी पॅक घेणार नाही, खतं घ्यायची आहेत. बहाणा नको, खतंच लिही. काही जण दुसऱ्या गिल्डमध्ये निघून जातील. कदाचित वीसेक जातील, कदाचित तीस. ते बघताना तुला वाईट वाटेल, फार वाईट वाटेल, आणि ते कसं टाळायचं ते मला माहीत नाही. जे जातील ते भेटीसाठी आलेले होते. लीडरकी दुसऱ्या कोणाला सोपव. खेळायचं असेल तर खुशाल खेळ, पण यादीतलं पहिलं नाव तुझं नको.

पैशाचं काम बँकवाल्याच्या पद्धतीने कर. प्ले स्टोअरमध्ये जोडलेलं यूपीआय आणि कार्ड काढून टाक. दर खरेदीला पासवर्ड मागेल अशी सेटिंग ठेव. तिथे महिन्याचं बजेटही घालता येतं, पण ते फक्त सांगतं, अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नकोस. केळीचे पैसे येतात ते खातं फोनला जोडूच नकोस. दुसरं खातं काढ, महिन्याला 300 रुपये त्यात टाक, संपले की संपले. शून्य टाक असं मी म्हणत नाही. पिक्चरला, तंबाखूला घालणारे गावोगाव काय कमी आहेत? आणि पुडकं घ्यायचा मोह झाला की रुपयांऐवजी केळीत मोज. आजचा रावेरचा भाव बघ आणि 799 रुपयांत किती फण्या होतात ते काढ. तू त्या स्वतः वाहिल्या आहेस, खांद्याला बरोबर कळेल.

वहिनीला ते पाच हजारांचं तूच सांग, या आठवड्यात. भावाला नंतर. तिने पासबुक आणलं, पण आरडाओरडा भावाने केला, हे मी तुझ्या पत्रात नीट वाचलंय.

गावाबद्दल तू जे लिहिलंस त्याला माझ्याकडे औषध नाही. पूर्वी पारावर रात्री दहापर्यंत माणूस असायचं. भजनी मंडळात पेटी वाजवायला कोणी नसलं की नवशिक्यालाही बसवायचे. आता पारावर फरशी बसली, दिवा लागला आणि माणसं गेली. तुझ्यासारखी बिनलग्नाची तिशीतली पोरं तुमच्याच शिवारात किती असतील? रात्रीच्या लाईटला मळ्यामळ्यातून मोबाईलचे उजेड दिसतच असतील तुला. त्यांच्यातला शेजारच्या बांधावरचा एखादा तुझ्याच खेळात आहे का, कधी विचारलंस का? विचारून बघ. एकाच व्हॉल्व्हच्या वेळेला दोघं असाल तर एका खाटेवर बसता येईल.

दोन महिन्यांनी पासबुक भरून घे आणि झेरॉक्स पाठव. आणि त्या बीडच्या पोराला माझ्याकडून विचार, 19 वर्षांचा तू, रोज रात्री तीनपर्यंत जागतोस, परीक्षा कधी आहे तुझी? काय म्हणतो ते कळव.

तुझा,
आप्पा